दोन बोटांची ढील

उस्तादाला झटका आला तेव्हा त्याच्या मुठीत पाना होता, आणि तो सोडवायला दवाखान्यात दोन दांडगी माणसं लागली, असं गल्लीत सगळे सांगतात. त्याची बायको सांगत नाही. ती तिथेच होती, आणि पाना तिने एकटीने, एकेक बोट उघडून काढला होता. पण लोकांना दोन दांडगी माणसं आवडतात, म्हणून ती मोडता घालत नाही.

झटक्यात उस्तादाचा उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि जीभ काही दिवस रुसून परत आली. जीभ परत आली ते बरं झालं की वाईट, यावर तिचं मत रोज बदलायचं.

आता तो आपल्या गाडीदुरुस्तीच्या दुकानाच्या दाराशी खुर्चीत बसायचा. एका डोळ्याने रस्ता, दुसऱ्याने दुकान. दुकान म्हणजे एक शटर आणि आत लांबट खोली. भिंतीवर प्रत्येक पान्यामागे त्याच्या आकाराची पांढरी रेघ रंगवलेली, म्हणजे कोणता पाना जागेवर नाही ते खुर्चीतून दिसावं. ते उस्तादाला नेहमीच दिसायचं.

इतकी वर्षं ती दुकानात येत-जात होती. आधी डबा घेऊन, मग हाताशी पाने द्यायला, मग उस्ताद जेवेपर्यंत एखादं पंक्चर काढायला. शिकवलं तिला कोणी नव्हतं. बघून बघून हात बसला. झटक्यानंतर तिने पदर खोचला तो खोचलाच. ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, ब्रेक-शू, क्लचची तार, सगळं ती करू लागली. पण लोक तिच्याकडे एवढंच द्यायचे. मोठं काम निघालं की गाडी पुलापलीकडच्या गॅरेजात जायची. त्यात उस्ताद खुर्चीतून ओरडायचा. "अगं, डावीकडे! अगं, तो नव्हे! आई गं, फिरवलेस ना बोल्टचे आटे?" आटे फिरलेले नसायचे. पण गिऱ्हाईक गाडीकडे धाव घ्यायचं ते घ्यायचंच.

दुकानाची निम्मी जागा धाकट्या दिराच्या नावावर होती. दीर वाईट माणूस नव्हता. "वहिनी, मी काही राक्षस नाही," असं तो म्हणाला की समजायचं, आता काहीतरी वाईट बोलणार.

"वहिनी, मी काही राक्षस नाही," तो म्हणाला. "पण तो मोबाईलवाला मागे लागलाय. जागा द्या म्हणतो. दादा होता तोवर गोष्ट वेगळी. पंक्चरवर दुकान चालतं का? लोक तुमच्या हातावर भरवसा ठेवून मोठं काम आणू लागले तर मी तोंडातून ब्र काढणार नाही. नाहीतर महिनाअखेरीला त्याला हो म्हणून टाकतो."

"दादा होता तोवर म्हणजे?" उस्ताद खुर्चीतून म्हणाला. "मी मेलोय का?"

"तसं नाही रे दादा."

"मग कसं?"

दीर चहा न घेताच गेला. ती ब्रेक-शू घासत राहिली. तिला दुकान हवं होतं. घर चालवायला तर हवंच होतं, पण ते एक झालं. दुसरं तिने कोणाला सांगितलं नव्हतं. एखादी बंद गाडी तिच्या हाताखाली सुरू व्हायची तेव्हा तिच्या छातीत जे व्हायचं, ते लग्नात, बाळंतपणात, कशातही झालं नव्हतं. हे बायकांच्या घोळक्यात बोलण्यासारखं नाही, हे तिला कळत होतं.

त्याच आठवड्यात पाववाला आला. हा माणूस अंगाने भरलेला, आणि त्याची मोटारसायकल त्याच्याहून भरलेली. मागे लोखंडी कॅरियर, दोन्ही बाजूंना पावांचे क्रेट, वर आणखी एक आडवा. गाडी उभी करताना साखळीने असा आवाज केला की उस्तादाने डोळे मिटले.

"चेन संपली," उस्ताद म्हणाला.

"ते मलाही ऐकू येतंय. पुलापलीकडे गर्दी आहे, तो परवा ये म्हणतो. परवापर्यंत माझे पाव काय चालत जातील?" पाववाल्याने तिच्याकडे बघितलं, मग उस्तादाकडे. "वहिनींना जमेल का हो?"

"मला विचारा ना," ती म्हणाली. "मी इथेच उभी आहे."

"जमेल का?"

"दुपारपर्यंत घेऊन जा. पण नुसती चेन नाही, दोन्ही चक्रं बदलावी लागतील. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घातली की तीही चार दिवसांत म्हातारी होते."

पाववाला हसला. "सासरी आलेल्या सुनेसारखी."

तो गेला तशी ती उस्तादापुढे येऊन उभी राहिली. कमरेवर हात. "अहो, एक ऐका. आज मध्ये बोलायचं नाही. एक शब्द नाही. मी विचारलं तर सांगा, नाहीतर नाही."

"आणि चुकलीस तर?"

"चुकले तर चुकले. पण तुम्ही ओरडता, लोकांना वाटतं हिला काही येत नाही. आज तुमचं तोंड बंद."

उस्तादाने तिच्याकडे बघितलं. तोंडाची डावी बाजू हलली. "नाही बोलणार," तो म्हणाला. "शब्द दिला."

तिने गाडी मेन स्टँडवर घेतली, मागचं चाक अधांतरी केलं. पुढच्या चक्रावरचं झाकण काढलं. आत ग्रीस आणि धुळीचा काळा लगदा साठला होता, तो खरवडून रॉकेलने धुतला. मागचं चाक अजून साखळीत होतं तोवरच पुढच्या चक्राचे बोल्ट सैल केले. एकदा चेन निघाली की चक्र नुसतं गरागरा फिरतं आणि माणूस शिव्या देत बसतो, हे तिने बघितलं होतं. मग जुनी चेन काढली, पुढचं चक्र बदललं. चाक काढलं. मागच्या चक्राचे दाते एका बाजूला कलून लाटांसारखे झाले होते. नवं चक्र बसवलं, बोल्ट समोरासमोरचे घेत घट्ट केले. चाक परत चढवलं. नवी चेन दोन्ही चक्रांवरून ओढून घेतली, दोन टोकं मागच्या दात्यांवर जुळवली आणि कडी घातली. कडीवरची पत्ती कोणत्या तोंडाने बसवायची, इथे पुष्कळ जण चुकतात. बंद तोंड चेन पळते त्या दिशेला पाहिजे, नाहीतर पत्ती कधीतरी उडते. ती चुकली नाही. चाक दोन्ही बाजूंना सारख्या खुणेवर आणलं. डोळा लावून बघितलं, दोन्ही चक्रं एका रेषेत. चाक फिरवत चेन सगळीकडे सारखी आहे ना तेही बघितलं.

मग शेवटचं काम. ढील. साखळी फार सैल तर उतरते, फार ताठ तर स्वतःला आणि गाडीला खाते. उस्ताद खालच्या बाजूला मधोमध दोन बोटं घालून चेन वर उचलायचा. दोन बोटांची ढील, ना कमी ना जास्त. ती बोटं तिने इतक्यांदा बघितली होती की डोळे मिटून काढून दाखवली असती. तिने आपली दोन बोटं घातली. जरा जास्त सैल वाटली. ताणपट्टीचे नट अर्धा-अर्धा फेरा घेत चाक मागे नेलं, पुन्हा बोटं घातली. बरोबर. चाकाचा मोठा नट आवळायला घेतला.

दाराशी खुर्ची करकरली. तिने मुद्दाम वळून बघितलं नाही, नट आवळून टाकला. उस्तादाच्या चेहऱ्यावर काय असेल याची तिला धास्ती होती. नाखुशी असेल तर नट पुन्हा सोडावासा वाटेल. आणि खुशी असेल तर डोळ्यांत पाणी येईल, तेही भर दुकानात.

उस्ताद बोलला नाही. शब्दाचा पक्का.

पाववाल्याने एक चक्कर मारली, परत आला, गाडी बंद न करताच ओरडला, "लोण्यासारखी! वहिनी, लोण्यासारखी!" त्याच दिवशी त्याने आणखी दोघांना सांगितलं. दीरही येऊन गेला. आला तो चहा घेऊन बसला, दुसरा कपही घेतला. "वहिनी, मानलं तुम्हाला," म्हणाला. "बाजारात तुमचं नाव ऐकलं." मोबाईलवाल्याचा विषय त्याने काढला नाही. तिनेही काढला नाही. घरी जाताना उस्तादाला धरून चालवत असताना ती स्वतःशी गुणगुणत होती. उस्ताद म्हणाला, "आज फार खुशीत आहेस." ती म्हणाली, "आहे. तुम्हाला त्रास होतोय का?" तो म्हणाला, "नाही, नाही." आणि पुढचा रस्ता तो पायाखाली बघत चालला.

थोडे दिवस गेले. पाववाला येता-जाता हात करायचा. साखळीचा एक बारीक, किनरा सूर यायला लागला होता. त्याला वाटलं, नवी आहे म्हणून गाते.

मग एका सकाळी तो गाडी ढकलत आला. शर्टाची बाही फाटलेली, कोपर सोललेलं, आणि अंगभर पिठाऐवजी धूळ. चढावर, पूर्ण मालासकट, चेन तुटली होती. तुटलेलं टोक चाकात गुंडाळलं, चाक जाम झालं, गाडी आडवी. पाव गटारात.

"नवी चेन!" तो रस्त्यावरूनच ओरडत आला. "नवी कोरी! मागून ट्रक असता तर आज माझी बायको तुम्हाला जाब विचारायला आली असती. ही काय पद्धत झाली? जमत नव्हतं तर सांगायचं, जमत नाही म्हणून!"

नेमका दीर तिथेच होता. कप हातात तसाच राहिला.

ती खाली बसली. खुणा बघितल्या, सारख्या. पत्तीचा तुकडा अजून कडीला होता, तोंड बरोबर. चक्रं एका रेषेत. चाक हलवलं तर बेअरिंग खरखरत होतं, आणि पुढच्या चक्रामागून तेल गळत होतं. काहीतरी चोवीस तास ओढत राहिल्यासारखं. पण का? ती शोधत राहिली आणि वर पाववाला बोलत राहिला. बोलून दमला तसा तो कोपर बघायला म्हणून स्वतःच्याच गाडीवर धपकन बसला.

गाडीचा मागचा भाग खाली दबला. तिच्या डोळ्यांसमोर चाकाचा दांडा वर चढला आणि मागे सरकला. थोडासाच. एक-दोन बोटं.

ती तशीच उकिडवी बसून राहिली.

माणूस बसला की चाक मागे जातं आणि चेन ताणते. म्हणून ढील बघायची ती कोणीतरी वर बसलेलं असताना. आणि उस्ताद तशीच बघायचा. चाक बसवून झालं की गाडी स्टँडवरून उतरवायचा आणि म्हणायचा, "ये, बस वर." ती बसायची. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून बसायची. तेव्हा तिने लाजत विचारलं होतं, मी कशाला, आणि तो म्हणाला होता, "बस गं, एकटं वाटतं मला." मग ती भाजीची टोपली घेऊनच वर बसायची. शेंगा सोलायची, दिवसभराचं सांगायची, कोणाचं भांडण, कोणाचं बाळंतपण. तो खाली वाकलेला, "हं, हं" करत. गाडीवर जास्त माल जाणारा असला तर कॅरियरवर जुनं इंजिनही ठेवायचा, आणि ती हसायची, आज आपल्यात पाहुणा आलाय म्हणून. त्याच्या हातांनी केलेली प्रत्येक गोष्ट तिने शिकून घेतली होती. आपण वर बसतो हीसुद्धा त्या कामातलीच एक पायरी आहे, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. तिला वाटायचं, काम संपलं, आता ही आपली दोघांची वेळ.

तिने मान वर करून दाराकडे बघितलं. उस्ताद तिच्याकडेच बघत होता. तिला कळलंय हे त्याला कळलं, आणि त्याला आधीपासून ठाऊक होतं हे तिला कळलं.

"चूक माझी आहे," उस्ताद मोठ्याने म्हणाला.

पाववाल्याने कोपर सोडून वर बघितलं.

"चेन मीच जास्त ताणायला सांगितली तिला. तिचा काय दोष? तिने मी सांगितलं तसं केलं. झटक्यापासून माझंच कधीकधी चुकतं." त्याने डावा हात कपाळाला लावला. "तुला लागलं. माफ कर बाबा."

पाववाल्याचा सगळा आवेश एका क्षणात विरला. "अहो उस्ताद, तुम्ही कुठे माफी मागता! तुम्ही माझ्या बापाच्या गाडीचं काम केलंय. चुकतं माणसाचं. एवढ्या दुखण्यातून उठलात."

"दादा," दीर म्हणाला, आणि कप खाली ठेवून त्याने भावाचा हात धरला. हे तिने पहिल्यांदाच बघितलं. "दादा, तू कशाला मनाला लावून घेतोस?"

ती उठली. हात ग्रीसने काळे, ते तिने फडक्यालाही पुसले नाहीत. "त्यांनी काही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "ते गप्प बसले होते. मीच बसवलं होतं त्यांना गप्प. चेन मी ताणली. माझ्या डोक्याने. चूक माझी आहे."

तिघंही तिच्याकडे बघू लागले. मग पाववाला हसला, अगदी मायेने हसला.

"राहू द्या वहिनी. नवऱ्याचं उणं तुम्ही कशाला बाहेर पडू द्याल? माझी बायकोसुद्धा असंच करते."

"मी खरं सांगतेय."

"हो हो, खरंच सांगताय."

"अहो, मी स्टँडवरच ढील बघितली! गाडीवर कोणी बसलेलं नसताना! ते असं कधीच सांगणार नाहीत, तुम्हाला समजत नाही का?"

"वहिनी," दीर हळूच म्हणाला, "पुरे आता. आम्हाला कळतं तुमचं मन." आणि तो भावाकडे वळला. "दादा, मी काय म्हणतो, मोबाईलवाल्याला नाही म्हणून सांगतो. डोकं तुझं आणि हात वहिनींचे. तू इथे बसून नजर ठेव. मात्र रोज बसायचं हं. तू बसणार असशील तरच."

"बसेन की," उस्ताद म्हणाला.

झालं. इतक्या दिवसांची तिची रुखरुख, रात्रीचं तळमळणं, सगळं एका कपभर चहात मिटलं. दुकान राहिलं. जे तिला हवं होतं ते तिच्या डोळ्यांदेखत तिलाच मिळालं, फक्त दुसऱ्याच्या नावावर. कौतुक गेलं याचं तिला तेवढं वाटलं नाही. पण चूकसुद्धा आपली म्हणून पदरात पडू नये? चूक तिची आहे म्हणणं म्हणजे काम तिचं होतं म्हणणं. ते कोणी ऐकून घेईना.

पाववाला कोपर धुवायला नळावर गेला, दीर त्याला रिक्षा बघायला रस्त्यावर गेला. दोघंच उरली.

"तुम्हाला दिसलं होतं," ती म्हणाली.

"दिसलं होतं."

"मग?"

"तूच म्हणालीस ना, बोलायचं नाही."

"माणूस मेला असता."

उस्तादाने मान खाली घातली. म्हणाला, "मला वाटलं, विचारशील. शेवटचा नट आवळण्याआधी एकदा तरी वळून बघशील. खुर्चीसुद्धा वाजवली मी. बघितलं असतंस तर सांगितलं असतं." मग अगदी बारीक आवाजात, "सगळं यायला लागलं होतं तुला."

तिला त्याची दया आली. दया आली म्हणून आणखी राग आला. असा राग फार वाईट, त्याला जायला वाट नसते.

"एक विचारू?" ती म्हणाली. "इतकी वर्षं मला वर बसवायचात..."

"मग कोणाला बसवणार? गिऱ्हाईक थोडंच थांबतं तेवढा वेळ." तो अर्ध्या तोंडाने हसला. "तुझ्या अंगाचा अंदाज पक्का झाला होता मला. मोजायलाच नको. बाळंतपणानंतर तेवढा बदलावा लागला."

"एकटं वाटतं, असं म्हणाला होतात."

"कधी?"

"पहिल्या वर्षी."

तो खरंच आठवू लागला. कपाळाला आठ्या घालून, मनापासून आठवत राहिला. ते बघवेना तशी ती म्हणाली, "जाऊ द्या," आणि जुनं बेअरिंग ठोकून काढायला बसली.

नवीन चेन आली, बेअरिंग आलं, तेल अडवणारं सील आलं. तिने सगळं पुन्हा बसवलं. ढील बघायची वेळ आली तेव्हा तिने पाववाल्याला क्रेट लादायला लावले, भरलेले, आणि त्यालाच वर बसवलं. मग खाली बसून दोन बोटं घातली. उस्ताद खुर्चीतून म्हणाला, "दोन बोटं." ती म्हणाली, "हो." पाववाला वरून म्हणाला, "उस्ताद, तुमचं डोकं शाबूत आहे तोवर आम्हाला घोर नाही." गाडी रस्त्याला लागली तेव्हा साखळीचा आवाजही येत नव्हता. पाववाल्याने मागे वळून हात केला. खुर्चीकडे बघून केला.

आता मोठी कामं येतात. रांग लागते म्हटलं तरी चालेल. दीर आठवड्यातून एकदा चहाला येतो आणि भावाशेजारी बसतो. सकाळी ती उस्तादाला आंघोळ घालते, शर्टाची बटणं लावते, धरून दुकानात आणते, खुर्चीत बसवते, उशी पाठीमागे सारते. त्याशिवाय शटर उघडून उपयोग नाही. गाड्यांवर आता दुसरंच कोणीतरी बसतं. गिऱ्हाईक बसतं, किंवा शेजारचा शिंपी येऊन बसतो. ती स्वतः बसत नाही, आणि काम करताना काही सांगतही नाही. उस्तादाला कधीतरी ते जाणवतं. "गप्प का?" तो विचारतो. "काम चालू आहे," ती म्हणते.

काल एक बाई स्कूटर घेऊन आली. मागचा ब्रेक लागत नव्हता. उस्तादाच्या बायकोने गाडी आडोशाला घेतली, खाली बसली, ब्रेकची तार हातात धरली, मोकळी करून बघू लागली.

"अगं, आधी ब्रेकची तार बघ," उस्ताद दारातून म्हणाला.

बाईने आदराने मागे वळून त्याच्याकडे बघितलं.

तार तिच्या हातातच होती. "बघते," ती म्हणाली.